हातोहात पोचलेले गाणे

‘भूमिगत’ हा शब्द आमच्या घरात एकाच अर्थाने वापरला जात असे. बेचाळीस साली जे घरदार सोडून गेले, ज्यांच्यासाठी रात्री मागच्या दाराने भाकरी जात, ते भूमिगत. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत जो गुप्त रेडिओ चालवीत, तो भूमिगत रेडिओ. त्यामुळे न्यूयॉर्कला भाच्याकडे गेलो असता, “मामा, उद्या तुम्हाला अंडरग्राउंड हिपहॉपचं गाव दाखवतो,” असे तो म्हणाला तेव्हा पोलीस मागे लागलेल्या कोणा गवयांच्या भेटीला जायचे आहे की काय, असे क्षणभर वाटून गेले. मी खुंटीवरचा कोट काढून नीट पाहून ठेवला. प्रसंग सांगून येत नाहीत!

तसे काही नव्हते. बड्या कंपन्यांच्या दारी न जाता जो रॅप करतो, स्वतःच्या खोलीत मुद्रण करतो, स्वतःच तबकडी काढतो आणि स्वतःच विकतो, तो या लोकांच्या भाषेत अंडरग्राउंड. माझा भाचा अशा गाण्यांचा शोधक आहे. दिवसा तो एका कचेरीत हिशेबाची कामे करतो. दर शुक्रवारी मात्र पहाटे उठून, तोंडही न धुता, आज कोणाचे नवे आले ते पाहतो. “नवं गाणं शोधावं लागतं, मामा,” तो मला म्हणाला. मला याचे मोठे नवल वाटले. आमच्याकडे गणपती ते दिवाळी या काळात नवे गाणे शोधावे लागत नाही, ते टाळावे लागते.

त्याचे बिऱ्हाड क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स भागात आहे. खाली उतरले की मिठाईची दुकाने, साड्यांची दुकाने, पानाच्या पिचकाऱ्यादेखील. परदेशात आल्याची खात्री पटायला जरा पुढे जावे लागते. तिथून आम्ही सात नंबरची गाडी धरून ग्रँड सेंट्रलला गेलो आणि चार नंबरच्या गाडीत बसलो. मॅनहॅटनभर ही गाडी जमिनीखालून धावते आणि ब्राँक्समध्ये शिरली की यँकी स्टेडियमजवळ एकाएकी वर येऊन लोखंडी खांबांवरून चालू लागते. म्हणजे श्रीमंतांच्या वस्तीत भूमिगत आणि गरिबांच्या वस्तीत उघड्यावर, असा तिचा न्याय आहे. डब्यातले लोकही तिथे बदलतात. टायवाले उतरून गेलेले असतात. बाजाराच्या पिशव्या, शाळेची मुले आणि स्पॅनिश बोलणाऱ्या आज्या उरतात.

आम्ही उतरलो ते टेकडीवर. ब्राँक्सचा हा पश्चिम भाग चढउतारांचा आहे. काही रस्ते तर मधेच पायऱ्या होऊन खाली जातात. उतरत उतरत हार्लेम नदीच्या बाजूला गेलो. नदी, तिच्या काठाने आगगाडीचा रूळ, त्याला लागून मोटारींचा प्रचंड हमरस्ता आणि त्या हमरस्त्याच्या डोक्यावर विटांची एक साधी, उंच इमारत. पत्ता : १५२० सेजविक ॲव्हेन्यू. आपल्याकडच्या म्हाडाच्या इमारतीला जितके सौंदर्य असते तितकेच तिला आहे. दारापाशी एक कृष्णवर्णी आजीबाई बसल्या होत्या. आम्ही मान वर करून पाहू लागलो तसे त्या म्हणाल्या, “तुम्ही कुठले? काल जपानी आले होते.” देवस्थानाच्या पायरीवरची बाई यात्रेकरूंना विचारते त्याच सुरात त्यांनी हे विचारले, आणि इंडिया हे उत्तर ऐकून मान डोलावली.

त्या म्हणाल्या तशी ही यात्राच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी या इमारतीच्या खालच्या मजल्यावरील, रहिवाशांच्या करमणुकीसाठी ठेवलेल्या खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक जलसा ठेवला. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. निमंत्रणे हाताने लिहिलेली. तबकड्या वाजवायला घरचाच माणूस, म्हणजे तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा मुलगा १९६७ साली, बारा वर्षांचा असताना ब्राँक्सला आला होता. अंगापिंडाने दांडगा, म्हणून मित्र त्याला हर्क्युलिस म्हणत. त्याचे झाले कूल हर्क. हिपहॉप नावाचे जे काही आज जगभर चालले आहे त्याचा मुहूर्त याच रात्री झाला असे मानतात.

त्याने केले तरी काय? नाचाच्या गाण्यात एक जागा अशी येते की गाणारा थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि नुसता ठेका उरतो. आपल्याकडे लावणीत ढोलकीवाला मोकळा सुटतो, तशी ती जागा. हर्कच्या लक्षात आले, की पोरे नाचायला वाट पाहतात ती या जागेची, आणि ती तर पाच-दहा सेकंदांत संपते. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवर तोच ठेका सुरू. ती संपेपर्यंत पहिली मागे फिरवून तयार. सेकंदांची जागा त्याने मिनिटांची केली. त्या ठेक्यावर मित्रांची नावे घेणे, टोमणे मारणे, यमके जुळवणे सुरू झाले आणि त्यातून रॅप वाढला.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच. हर्क कोणती तबकडी वाजवतो ते इतरांना कळू नये म्हणून तो तिच्यावरचे नावाचे गोल कागद पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. प्रतिस्पर्धी मान लांब करून पाहत, तर मधे नुसती कोरी चकती! हे ऐकल्यावर मला परके वाटेनासे झाले. ठेवणीतली चीज दुसऱ्या घराण्याच्या कानी पडू नये म्हणून बैठकीत अस्ताई गाऊन अंतरा गिळणारे खाँसाहेब आपण ऐकलेले आहेत. म्हणजे या संगीतात नवे गाणे शोधण्याची धडपड पहिल्या दिवसापासून आहे, आणि ते लपवण्याचीही. शोधणारे मग बेचाळिसाव्या रस्त्याच्या भुयारी स्थानकातल्या ‘डाउनस्टेअर्स रेकॉर्ड्स’ या दुकानात जाऊन जुन्या तबकड्यांचे ढीग उपसत.

या वस्तीत त्या वेळी दुसरे होते काय? १९४८ साली रॉबर्ट मोझेस या बांधकाममहर्षीने ब्राँक्सच्या मधोमध हमरस्ता काढायला घेतला. भरल्या वस्तीतून तो नेला आणि हजारो कुटुंबे उठवली. ज्यांना परवडले ते निघून गेले. मागे राहिलेल्या इमारतींना सत्तरच्या दशकात आगी लागत गेल्या. काही लागल्या, काही विम्याच्या पैशासाठी लावल्या गेल्या आणि शहराने त्याच सुमारास काटकसर म्हणून अग्निशमनाची ठाणी बंद केली. अशा गावातल्या मुलांनी वीज दिव्याच्या खांबावरून घेतली, वाद्ये नव्हती म्हणून तबकड्यांचीच वाद्ये केली आणि मैदानात जलसे मांडले.

त्या इमारतीवरही पुढे पाळी आली. २००७ साली मालकांनी ती सवलतीच्या भाड्याच्या सरकारी योजनेतून बाहेर काढायचा घाट घातला. भाडी वाढणार आणि लोक उठणार हे उघड होते. गिरगावातल्या वाचकाला हा प्रवेश समजावून सांगण्याची गरज नाही. भाडेकरू एकत्र झाले, कूल हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने ही वास्तू हिपहॉपचे जन्मस्थान असल्याचे मान्य केले. त्याने भाडे थांबत नाही. इमारत विकली गेलीच. आणि काही वर्षांनी, पुन्हा बऱ्याच खटपटींनंतर, परवडणारी घरे राखणाऱ्यांच्या हाती आली. आजीबाई अजून तिथे बसू शकतात त्याचे श्रेय त्या भांडणाला आहे, हे मला त्या जन्मस्थानाच्या मानपत्राहून मोलाचे वाटले.

आता प्रश्न असा, की त्या काळी नवा रॅप ऐकायचा तर कळायचे कसे? तबकडी निघत नव्हती, रेडिओवर लागत नव्हता. कळायचे ते हँडबिलावरून. बडी एस्क्वायर नावाचा ब्राँक्सचा एक तरुण ही हँडबिले काढण्यात राजा समजला जाई. वाचनालयातली अक्षरलेखनाची पुस्तके पाहून तो शिकला, आणि जुन्या सिनेमागृहांवर असतात तशी डौलदार अक्षरे त्याने शाळेच्या जिमखान्यातल्या जलशांना दिली. कोण वाजवणार, कोण गाणार, किती सेंट आणि कोणत्या गाडीने यायचे, सगळे एका कागदावर. जलसा झाला की तो कागद पायदळी. २०१४ साली एस्क्वायर वारला. तोवर त्याची हँडबिले कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन बसली होती. आपल्याकडे तमाशाच्या फडांची हँडबिले कोणी जपून ठेवली आहेत काय, हा प्रश्न मला तिथे उगीचच छळू लागला.

हँडबिल म्हणजे आमंत्रण. गाणे घरी न्यायचे तर कॅसेट. जलशात कोणी तरी टेपरेकॉर्डर लावी, त्या टेपच्या नकला होत, नकलांच्या नकला होत. या टेपा शहरभर फिरवल्या त्या खाजगी टॅक्सीवाल्यांनी. पिवळ्या टॅक्सी ब्राँक्समध्ये येईनात, तेव्हा वस्तीतल्याच मोटारी भाड्याने चालत; ओजे नावाच्या एका टोळीच्या गाड्या तर अशा टेपांसाठी प्रसिद्ध होत्या. गिऱ्हाईक मागे बसून विचारी, हे कोण गाते? टॅक्सीवाला सांगे. झाली प्रसिद्धी! १९८१ च्या जुलैमध्ये हार्लेममधल्या ‘हार्लेम वर्ल्ड’ या नृत्यगृहात कोल्ड क्रश ब्रदर्स आणि फँटॅस्टिक रोमँटिक फाइव्ह या दोन फडांचा सामना झाला. आपल्या कलगी-तुऱ्यासारखाच, फक्त इथे शिव आणि शक्तीऐवजी स्वतःचीच थोरवी. त्या रात्री बाजी फँटॅस्टिकने मारली म्हणतात. पण सामन्याची टेप गावोगाव गेली आणि ज्यांनी सामना पाहिलाच नव्हता तेही निकालावर भांडू लागले.

या कोल्ड क्रशमधला मुख्य गडी ग्रँडमास्टर कॅझ. त्याची कथा ऐकून मी रस्त्यावर थांबलोच. १९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी त्याच हार्लेम वर्ल्डमध्ये रॅप ऐकला आणि याची तबकडी काढली पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. नदीपलीकडे न्यू जर्सीत त्यांची कंपनी होती. तिथल्याच एका पिझ्झाच्या दुकानात हँक नावाचा एक धिप्पाड तरुण कामाला होता. तो कॅझच्या मंडळींची व्यवस्था पाहत असे आणि पीठ थापताना कॅझची टेप लावून तिच्याबरोबर म्हणत असे. बाईंच्या माणसांनी त्याला ऐकले आणि उचलले. हँकला स्वतःचे काही येत नव्हते. त्याने कॅझची वही मागून नेली. कॅझने दिली. तबकडीतून काय होणार, असे त्या वेळी सर्वांनाच वाटत असे. ‘रॅपर्स डिलाइट’ निघाले, साडेचौदा मिनिटांचे, आणि जगभर लाखांनी खपले. त्यावर कॅझचे नाव नव्हते.

गंमत, की दुर्दैव, याच्या पुढे आहे. हँकने वहीतले कवन जसेच्या तसे म्हटले. त्या कवनात कॅझने आपले त्या काळचे टोपणनाव अक्षर अक्षर सुटे करून गुंफलेले होते. हँकने तेही तसेच म्हटले! आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, त्यामुळे कोणी ढापला तरी धनी कळतो. इथेही नाव आत होते. लाखो घरांत ते वाजत होते आणि ऐकणाऱ्यांना ते कोणा माणसाचे नाव आहे हेच ठाऊक नव्हते. ज्यांच्याकडे जुन्या टेपा होत्या तेवढ्या ब्राँक्सच्या पोरांना मात्र पहिल्या ऐकण्यातच कळले. नव्या गाण्याचा माग ठेवणे हा माझ्या भाच्याचा रिकामपणचा उद्योग आहे असे मी समजत होतो. त्या दिवसापासून मी त्याला साक्षीदाराचे काम म्हणू लागलो.

तिथून आम्ही कोलंबिया विद्यापीठाच्या बाजूला आलो. रेडिओची कथा इथली. आधी मिस्टर मॅजिक नावाच्या निवेदकाने एका छोट्या केंद्रावर पदरचे पैसे भरून वेळ विकत घेतली आणि रॅप ऐकवला. मोठ्या केंद्रांनी त्याला बोलावले ते मागाहून. पुढे १९९० साली विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या केंद्रावर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबितो या जोडीने कार्यक्रम सुरू केला. वेळ गुरुवारची रात्र उलटल्यावर एक ते पहाटे पाच! ज्या वेळी आपल्याकडे फक्त भैरवी आणि दूधवाले जागे असतात, त्या वेळी या शहरातली शाळकरी पोरे कॅसेट भरायला बसत. पाव तास झोप, मग उठून बाजू पालटायची. सकाळी वर्गात डोळे मिटत, पण हाती नवी टेप असे. कंपनीने अजून न घेतलेली मुले आपल्या टेपा घेऊन स्टुडिओत येत आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहत. नॅस, बिगी, जे-झी हे पुढे कोट्यधीश, काही तर पोस्टरवरचे देव झाले. त्यांना आधी इथे ऐकलेले लोक अजून तोऱ्याने तसे सांगतात. याच केंद्रावरून हिंदुस्थानी रागसंगीतही लागत आले आहे, हे कळल्यावर त्या दाराला मी मनोमन नमस्कार केला.

१९९५ साली एका रात्री बिग एल हा हार्लेमचा तरुण आणि जे-झी एकापाठोपाठ एक, तयारी न दाखवता, सात-आठ मिनिटे बोलत राहिले. भाच्याने कानात घालायच्या त्या शिंपल्या मला दिल्या आणि पदपथावरच ते ऐकवले. भाषा वेगाची, निम्मी मला कळली नाही. कळली त्यातली काही घरात म्हणण्याजोगी नव्हती, आणि स्त्रियांविषयी जे बोलले जाते ते मला मुळीच रुचले नाही; भाच्याला मी तसे सांगितले आणि त्यानेही वकिली केली नाही. पण लयीवरची हुकमत ऐकून माझा हात मांडीवर पडू लागला. बिग एलला १९९९ च्या फेब्रुवारीत हार्लेममध्येच गोळ्या घालून ठार केले. वय चोवीस. त्या सात-आठ मिनिटांची कॅसेट कोणी तरी झोपेवर मात करून भरली म्हणून ती राहिली.

रेडिओवर ऐकले की सकाळी दुकान गाठायचे. १९९४ साली ईस्ट व्हिलेजमधल्या एका तळघरात ‘फॅट बीट्स’ नावाचे दुकान निघाले. दोन वर्षांनी ते सहाव्या ॲव्हेन्यूवर, आठव्या रस्त्याच्या कोपऱ्याशी, एका पावाच्या दुकानाच्या माडीवर गेले. भाचा १९९९ साली शिकायला इथे आला तेव्हापासून तिथे जात असे. म्हणे, दुकानात शिरल्यावर गप्प उभे राहायचे. गल्ल्यावरचा माणूस एक तबकडी लावतो. चांगली असेल तर पाच-सहा हात एकदम वर होतात. तबकडी काढणारा स्वतःच खोके खांद्यावर घेऊन जिना चढून येई, दहा-वीस नग ठेवी आणि आपले गाणे लागते तेव्हा लोकांचे चेहरे कसे होतात ते कोपऱ्यात उभा राहून पाही. कवीला इतकी खरी समीक्षा कुठल्या साहित्य संमेलनात मिळते? २०१० च्या सप्टेंबरात हे दुकान बंद झाले. खालचे पावाचे दुकानही पुढे गेले.

आम्ही त्या कोपऱ्यावर उभे राहिलो आणि भाच्याने मला ‘का’ची गोष्ट सांगितली. मराठी माणसाला हा प्रश्न वाटेल. पण कसीम रायन याचे रॅपमधले नाव ‘का’. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल या गरीब भागात तो वाढला. नव्वदच्या दशकात एका गटात होता. जमले नाही म्हणून बाहेर पडला आणि अग्निशमन दलात भरती झाला. कामावरून आल्यावर लिहीत राहिला. २००८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने पहिला संग्रह स्वतःच्या पैशाने काढला. या क्षेत्रात छत्तिसावे म्हणजे वानप्रस्थ. त्याचा आवाज हळू, ठेका जवळजवळ नाहीच. शेजारच्या खोलीत कोणी जप करावा तसे वाटते. नाचता येत नाही, म्हणून कंपनीच्या कामाचे नाही. पुढचे सगळे संग्रहही त्याने स्वतःच काढले, टपालाने पाठवण्याची पाकिटेही स्वतःच भरली.

२०१३ साली ‘द नाइट्स गॅम्बिट’ हा संग्रह तयार झाला तेव्हा विक्रीची जागा त्याने जाहीर केली ती ही : बंद पडलेल्या फॅट बीट्सच्या समोरचा पदपथ. दुकान नाही तर नाही, दुकानाची जागा तर आहे! भाचा कचेरीतून लवकर सुटून गेला होता. रांग लागलेली. पुढे एक मध्यम वयाचा, शांत माणूस खोके उघडून उभा. पैसे घेई, तबकडी देई, हात हातात घेऊन नाव विचारी आणि आभार मानी. घाई कोणालाच नव्हती. आगीच्या बंबावरचा माणूस आपण लिहिलेल्या ओळी एकेका ऐकणाऱ्याच्या हातात देतो आहे, असे ते दृश्य.

तीन वर्षांनी एका वृत्तपत्राने, हा सरकारी नोकर रात्री पोलिसांविरुद्ध गातो, अशी ओरड पहिल्या पानावर केली. तो त्यावर फारसे बोलला नाही आणि नोकरीही सोडली नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी जळत्या मनोऱ्यांकडे धावलेल्यांत तो होता, हेही त्याने मिरवले नाही. वीस वर्षे दलात काढून तो कॅप्टनच्या हुद्द्याला पोचला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा शेवटचा संग्रह आला आणि १२ ऑक्टोबरला तो गेला; बावन्न वर्षांचा होता. भाच्याकडे ती पदपथावर घेतलेली तबकडी आहे. “मामा, मी एकदाच भेटलो त्याला, दोन मिनिटं,” तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. मीही मोटारींकडे पाहत राहिलो.

आता दुकानाचे काम फोन करतो. बँडकॅम्प नावाचे एक ठिकाण २००८ पासून आहे. तिथे गाणारा आपले गाणे स्वतः मांडतो, किंमत स्वतः ठरवतो. २०२० साली महामारीत जलसे बंद पडले तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून द्यायला सुरुवात केली आणि भाच्यासारख्यांचे पहाटे उठणे सुरू झाले. यातली एक सोय मला फार चतुर वाटली. गाण्याच्या पानावर ते विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रे असतात. त्यांपैकी एकावर बोट ठेवले की त्या माणसाने आणखी काय काय घेतले ते दिसते. म्हणजे अनोळखी माणसाच्या कपाटात त्याच्या परवानगीने डोकावणे! ग्लासगोचा कोणी एक गृहस्थ, ओसाकाची कोणी एक बाई, यांच्या कपाटांवर भाच्याचा पूर्ण विश्वास आहे. त्यांना तो कधी भेटलेला नाही. बाकी रोज हजारोंनी येणाऱ्या गाण्यांतून यंत्र आपल्यापुढे जे सरकवते, ते तो हातही न लावता परत पाठवतो. “यंत्राला कळतं मला काय आवडलं. मला काय आवडेल ते माणसालाच कळतं,” हे त्याचे तत्त्वज्ञान. मी वाद घातला नाही. लग्ने जुळवणाऱ्या माझ्या आत्याचे मतही हेच होते.

आणि याच भाच्याने, न्यूयॉर्कात बसून, मला मुंबईच्या ‘स्वदेसी’ या मंडळीचे ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकवले. २०१९ चे गाणे. आरेच्या जंगलातल्या वारली पाड्यांची कैफियत, आणि त्यात प्रकाश भोईर यांचा पाड्यावरचा आवाज. माझ्या घरापासून हे जंगल रिक्षाने जाण्याजोगे. त्या आवाजासाठी मला बारा हजार किलोमीटर यावे लागले, यावर भाचा बराच वेळ हसत होता.

निघण्याच्या आदल्या रात्री तो मला ब्रुकलिनमधल्या एका छोट्या जलशाला घेऊन गेला. शंभरेक माणसे, सगळी उभी; मला कोणी तरी आपणहून एक पिंप आणून त्यावर बसवले. गाणारा पंचविशीचा, घामाघूम. जलसा संपला तसा तो मंचावरून उतरून मागच्या टेबलाशी गेला आणि सदऱ्यांच्या घड्या घालीत आपल्या कॅसेटी मांडू लागला. कॅसेटी पुन्हा निघू लागल्या आहेत. थोड्या संख्येने स्वस्तात काढता येतात. मी एक घेतली. त्याने नाव विचारले, गाव विचारले. बॉम्बे म्हणताच त्याने खालच्या खोक्यातून आणखी दोन काढून माझ्या हातात ठेवल्या. पैसे काढू लागलो तर घेईना. “तिकडे कोणी ऐकणारं असेल, त्याला द्या,” एवढेच म्हणाला.

त्या दोन कॅसेटी माझ्या धोतर-सदऱ्यांच्या घडीत बसून मुंबईला आल्या. एक मी आमच्या इमारतीतल्या, जिन्यात बसून यमके जुळवणाऱ्या मुलाला दिली. ती वाजवायची कशी, हे त्याला ठाऊक नव्हते. दोन रविवार चोरबाजार धुंडाळून त्याने एक वॉकमन मिळवला, तो दुरुस्त करून घेतला आणि तिसऱ्या रविवारी सकाळी माझी बेल वाजवून, एक शिंपली माझ्या कानात आणि एक स्वतःच्या, असे आम्ही दोघांनी दारातच ते ऐकले. दुसरी कॅसेट अजून टेबलावर आहे. तो म्हणतो, भांडुपला त्याचा एक मित्र आहे, त्याला घेऊन येतो.